खालचं वर

खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून
जिना माझ्यापुरता संपला आहे.
चौदा पायऱ्या. पंचेचाळीस वर्षं चढलो-उतरलो, कधी मोजल्या नव्हत्या.
आता ग्लेनिस ट्रे घेऊन चढते
आणि मी वर पडल्या पडल्या मोजतो:
नवव्या पायरीवर ती थांबते.
दहावी करकरते.

टीव्ही खाली, बैठकीत,
डिशची तार त्याच्याच पाठीत घुसलेली.
वर गेथिनच्या शाळेच्या दिवसांतला एक संच आहे,
पाठीला पोक आलेला.
त्याच्याकडे दाखवायला काही नाही, माझ्याकडे बघायला काही नाही,
आम्ही एकमेकांकडे बघत बसायचो.
तार वर ओढायची तर भिंत फोडा.
लानेलीतली जुनी दगडी भिंत, दीड हात जाड.
गवंडी म्हणाला, भोकाचे नव्वद पौंड.
चहा पिऊन गेला.

मग आम्ही कॅटलॉग मांडीवर घेतला.
व्हिडिओ सेंडर: एक डबी खाली टीव्हीमागे, एक वर,
मधल्या हवेतून चित्र येतं म्हणे.
जन्मभर पत्र्यावर कथलाचा मुलामा चढवत आलो मी,
हवेवर भरवसा ठेवायची सवय नाही.
भिंग घेऊन वाचलं.
पहिला एकशे दहा पौंडांचा. त्या पैशात
जानेवारीचा गॅस येतो.
दुसरा साठाचा, शंभर मीटर पोचतो,
आणि तळाला मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत: मोकळ्या मैदानात.
मोकळ्या मैदानात टीव्ही कोण बघतं?
तिसरा चोवीस पौंड, नव्व्याण्णव पेनी.
आखूडशिंगी, बहुदुधी गाय
कुठल्याच पानावर नव्हती.

ग्लेनिस बसने दुकानात गेली.
काउंटरवरचा पोरगा, आयोलो, प्रामाणिक निघाला.
म्हणाला, मिसेस मेरेडिथ, हा नका घेऊ.
मायक्रोवेव्ह लावला की चित्र फाटेल,
शेजारचं इंटरनेट अडखळेल,
आणि मुख्य म्हणजे दोन्ही खोल्यांत एकच चॅनल दिसेल.
वर वेगळं, खाली वेगळं, असं कुठल्याच डबीला जमत नाही,
त्याला दुसरं कनेक्शनच लागतं.
"एकच दिसेल?" तिने पुन्हा विचारलं.
"एकच."
"मग हाच बांधून दे."

हे तिने मला सांगितलं नाही.
आयोलोची आत्या रविवारी चॅपलवरून परस्पर भेटायला आली,
तिच्याकडून कळलं.

तेव्हापासून रात्री स्नूकर.
तिला स्नूकर आवडत नाही.
मला तिची ती केक भाजायची स्पर्धा बघवत नाही.
रिमोट वरूनही चालतो, त्याचा हुकूम डबी खाली पोचवते,
म्हणून मी वरून बदलतो, ती खालून बदलते,
मी पुन्हा बदलतो.
भांडण म्हणावं तर आवाज नाही.
कधी ऐन काळ्या चेंडूवर ती केक आणून ठेवते
आणि खालून तिचं हसू ऐकू येतं,
ते मात्र डबीतून नाही, जिन्यातून.

चित्राचं म्हणाल तर चोवीस पौंडांचं आहे.
हिरवं टेबल कधी शेवाळी, कधी राखाडी,
तांबड्या चेंडूंना जुळ्या सावल्या.
मिसेस प्रॉसरकडून तक्रार आली,
नातवाचा गेम ऐन वेळी गोठतो.
ग्लेनिसने मनुकांचे वेल्श केक पाठवले,
विषय संपला.

आणि रोज रात्री साडेनऊला
पडद्यावर पांढरे पट्टे उसळतात.
खेळाडू कमरेत दुभंगतो,
काठी एकीकडे, हात भलतीकडे,
नव्वद सेकंद नुसती खरखर.
परवा गेथिन आला, बघून वैतागला.
म्हणाला, बाबा, चांगलासा आणून देतो,
वरच्या लहरींवर चालणारा, त्यात हे होत नाही.
मी नको म्हणालो.
म्हातारा चिक्कू आहे, असं मनात म्हणाला असेल.

चित्र फाटलं की मला कळतं,
खाली दूध तापतंय.
मी कोपरावर भार देऊन उठतो,
उशी पाठीशी उभी करतो,
चष्मा शोधतो.
खेळाडूचे दोन तुकडे जुळतात, तो खडू लावत असतो
जसं काही झालंच नाही.
मी त्याच्याकडे बघत नाही.
सहा. सात. आठ.
नववी.
थांबली.

दहावी करकरते.